उन्हाळ्यात धापा टाकणारी गाय, व्यायल्यावर बसलेली गाय : शरीराचा तोल नेमका कोण सांभाळतं?

प्रश्न सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका गोठ्याचा आहे. थोडक्यात असा: सहा संकरित होल्स्टीन गाई. एप्रिलच्या मध्यापासून दुपारी तोंड उघडून धापा टाकतात, लाळ गाळतात. १८ लिटरची गाय १२ वर आली. संध्याकाळी थर्मामीटर लावला तर १०३.६ फॅरनहाइट. तापाचं इंजेक्शन दोनदा दिलं, ताप उतरला नाही. त्यातच एक गाय व्यायली, दुसऱ्या दिवशी सकाळी उठेना, मान कुशीकडे वळवून बसली. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम लावलं आणि अर्ध्या तासात ती उभी राहिली. विचारणाऱ्याचं म्हणणं असं, की तापाच्या औषधानं ताप उतरत नाही आणि कॅल्शियमनं बसलेली गाय उठते, हे कसं? कॅल्शियम तर हाडांसाठी असतं. शरीर आतून चालतं कसं, ते एकदा नीट सांगा.

प्रश्न दोन वाटतात, पण मूळ एकच आहे. जनावराचं शरीर काही गोष्टी ठरावीक मापात धरून ठेवायला अहोरात्र झटत असतं, आणि त्यातली घाईची कामं ते मज्जातंतूंकरवी करून घेतं. बाहेरून आपल्याला जे दिसतं, धाप, लाळ, थरथर, थंड कान, त्यातलं पुष्कळसं म्हणजे तोल सावरायची शरीराची धडपड असते. म्हणून हातात औषध घेण्याआधी एकच गोष्ट ओळखायची: शरीर आत्ता कोणत्या बाजूला जोर लावतंय? ते कळलं की त्याच बाजूनं आपण हात लावायचा.

या तोलाला समस्थिती म्हणतात. पेशींभोवतीचं आतलं पाणी स्थिर राहिलं तरच प्राणी बाहेरच्या हवेपासून मोकळा राहतो, हे एकोणिसाव्या शतकात क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं मांडलं. या कल्पनेला होमिओस्टॅसिस हे आजचं इंग्रजी नाव अमेरिकेच्या वॉल्टर कॅनननं १९२६ मध्ये दिलं. कल्पना अगदी घरातल्या टाकीच्या बॉलकॉकसारखी आहे. पाणी उतरलं की गोळा खाली येतो आणि नळ उघडतो. पाणी चढलं की तोच गोळा नळ बंद करतो. बिघाडाच्या उलट दिशेनं चालणारी दुरुस्ती. शरीरात या व्यवस्थेचे तीन भाग असतात: मोजणारा, ठरवणारा आणि काम करणारा. अंगाच्या उष्णतेसाठी मोजणारे कातडीत आणि मेंदूत आहेत, ठरवणारा मेंदूच्या तळाशी बसलेला हायपोथॅलॅमस, आणि काम करणारे म्हणजे घामग्रंथी, कातडीतल्या रक्तवाहिन्या, छातीचे स्नायू.

गाईत घट्ट धरून ठेवलेली मापं कोणती? गुदद्वारातलं तापमान साधारण १०१.५ फॅरनहाइट, म्हणजे ३८.६ सेल्सिअस, इकडेतिकडे एक अंश चालतो. रक्ताचा सामू (पीएच) ७.४ च्या आसपास. रक्तातलं कॅल्शियम १०० मिलिलिटरला ८.५ ते १० मिलिग्रॅम. साखर ४० ते ७० मिलिग्रॅम, माणसापेक्षा बरीच कमी, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या आतड्यातून साखर जवळजवळ येतच नाही. कोठीपोटात, म्हणजे तिच्या पहिल्या मोठ्या पोटात, चारा आंबून तयार झालेल्या आम्लापासून यकृत ती बनवतं. या आकड्यांपैकी उष्णता आणि कॅल्शियम हे दोन सोलापूरच्या गोठ्यात सगळ्यात जास्त त्रास देतात, म्हणून त्यांवरच जास्त लिहितो.

आधी उष्णता. ५०० किलोची, २० लिटर दूध देणारी गाय साधारण हजार वॅट उष्णता तयार करते. गोठ्यात बांधलेली प्रत्येक गाय म्हणजे रात्रंदिवस चालू असलेली हजार वॅटची शेगडी समजा. ही उष्णता तिला कुठेतरी टाकायलाच हवी. चार वाटा आहेत: गार जमिनीला टेकून, वाऱ्याला देऊन, आजूबाजूच्या गार भिंतींकडे किरणांनी सोडून आणि पाणी उडवून. पहिल्या तिन्ही वाटा बाहेरचं अंगापेक्षा गार असेल तरच चालतात. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२ वर जातो आणि गाईचं अंग ३८.६ ला असतं. तेव्हा या तिन्ही वाटा उलट्या चालतात. तापलेला पत्रा, तापलेली फरशी आणि झळा गाईच्या अंगात उष्णता भरतात. उरते ती एकच वाट, पाणी उडवणं. एक लिटर पाणी उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. हिशेब केला तर हजार वॅटची सगळी उष्णता याच वाटेनं घालवायला दिवसाला ३५ लिटरच्या आसपास पाणी कातडीवरून आणि श्वासातून उडावं लागेल. गाय धापा का टाकते, याचं उत्तर या आकड्यात आहे.

हायपोथॅलॅमसचे हुकूम क्रमानं सुटतात आणि नीट पाहिलं तर ते गोठ्यात दिसतात. कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो. मग श्वास वाढतो: सावलीत गार वेळी मिनिटाला २० ते ३० असतो तो ६० च्या वर गेला की ताण पक्का समजा, ८० च्या वर, तोंड उघडं आणि जीभ बाहेर, म्हणजे गाय हरायला लागली. बसलेली गाय उभी राहते, कारण उभं राहिल्यानं अंगाला जास्त हवा लागते. मग ती चारा कमी करते. हे पुष्कळांना रोग वाटतं, पण त्यात शहाणपण आहे, कारण कोठीपोटात चारा आंबताना भरपूर उष्णता निघते आणि कडब्यासारख्या धाग्याच्या चाऱ्यात ती जास्त. दूध घटण्यातला जवळपास निम्मा वाटा चारा घटल्यामुळे असतो. बाकीचा, शरीर कासेकडे जाणारं रक्त आणि साखर दुसरीकडे वळवतं म्हणून.

आता तापाचं इंजेक्शन का चाललं नाही ते बघा. अंग किती गरम ठेवायचं याची एक खूण हायपोथॅलॅमसनं धरलेली असते; खरा ताप म्हणजे त्यानं स्वतः वर सरकवलेली ही खूण. जंतू शिरले की शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि ते ही खूण १०१.५ वरून, समजा, १०५ वर नेतं. त्या क्षणी १०२ ला असलेली गाय स्वतःला थंड समजते. म्हणून तिला थंडी वाजते, केस उभे राहतात, कान गार पडतात, अंग चोरून ती कोपऱ्यात उभी राहते. मेलॉक्सिकॅम किंवा पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन अडवतं, खूण खाली येते, घाम सुटतो आणि ताप उतरतो. उन्हाच्या ताणात खूण हललेलीच नसते. हायपोथॅलॅमस १०१.५ च म्हणतोय, घाम आणि धाप दोन्ही जोरात चालू आहेत, फक्त उष्णता बाहेर जात नाही. औषधाला तिथे करायला काही उरत नाही. उलट पाणी कमी पडलेल्या जनावरात अशी औषधं पुन्हा पुन्हा दिली तर मूत्रपिंडावर भार पडतो.

ओळखायचं कसं? थर्मामीटर पहाटे पाचला लावा आणि संध्याकाळी सहाला लावा. टोक शेणात रुतवू नका, आतल्या भिंतीला टेकवून पूर्ण वेळ धरा. पहाटे १०१.५ आणि संध्याकाळी १०३.६, तेही गोठ्यातल्या बहुतेक जनावरांना, तर ते ऊन आहे. एकाच गाईला पहाटेसुद्धा १०४ च्या वर, कान गार, खाणं बंद, तर तो ताप. संकरित गाईत अशा वेळी मागच्या पायाच्या वर आणि खांद्यापुढे गाठी सुजल्या आहेत का ते हातानं चाचपा. गोचिडातून होणारा थायलेरिया इथे नेहमी सापडतो आणि त्यात वेळ घालवून चालत नाही. १०६ च्या वर, पाय लटपटतायत, नजर हरवलेली, असं भर दुपारी दिसलं तर कारण शोधत बसू नका. आधी सावली, डोक्यावर-मानेवर-अंगावर पाणी आणि जोराचा पंखा. १०३ ला आली की पाणी थांबवा, नाहीतर पारा नको इतका खाली घसरतो.

पाणी आणि वारा यांच्याबद्दल जरा सविस्तर, कारण चुका इथेच होतात. बारीक फवाऱ्याचं धुकं केसांच्या टोकांवर बसतं, कातडीपर्यंत पोचत नाही आणि केसांखालची गरम हवा कोंडून ठेवतं. अंगावर ओलं गोणपाट टाकून पंखा बंद ठेवला तर तोच प्रकार, थोड्या वेळानं ते गोणपाट गरम शेक द्यायला लागतं. पाणी मोठ्या थेंबांचं हवं, एक ते तीन मिनिटं, पाठ आणि कुशी कातडीपर्यंत भिजेपर्यंत. ओघळ कासेवर येण्याआधी बंद. ओली कास आणि शेणाची फरशी एकत्र आली की कासदाह होतो. मग बारा-पंधरा मिनिटं नुसता पंखा. अंग सुकत आलं की पुन्हा पाणी. गार करण्याचं काम पाणी उडताना होतं, पाणी पडताना नाही.

सोलापूरची एप्रिल-मेची हवा कोरडी असते, आणि ती आपल्या बाजूची आहे. हवा किती पाणी उचलू शकते ते दोन साध्या थर्मामीटरनी कळतं: एक नुसता, दुसऱ्याच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळून पंख्यासमोर. दोन्ही आकडे सेल्सिअसमध्ये घ्या, बेरीज ०.७२ नं गुणा, त्यात ४०.६ मिळवा. समजा कोरडा ४० आणि ओला २४: बेरीज ६४, गुणून ४६, मिळवून ८६.७. ७२ च्या पुढे दुधाळ गाईला ताण सुरू होतो. ८६ म्हणजे जबर ताण. पण दोन थर्मामीटरमध्ये १६ अंशांचं अंतर आहे, याचा अर्थ फवारा-पंखा फार छान काम करेल. जूनमध्ये आभाळ भरून आलं, कोरडा ३४ आणि ओला २८ झाला, की लोक म्हणतात आता गारवा आला. हिशेब करून बघा: ८५.२. ताण जवळपास तेवढाच, आणि अंतर फक्त सहाचं. तेव्हा पाणी कमी आणि पंखा जास्त चालवायचा. हाच फरक न कळल्यानं पहिल्या पावसाआधीच्या आठवड्यात गाई पडतात.

गोठ्याच्या पत्र्यावर उसाचं पाचट एक वीतभर जाड पसरून दोरीनं बांधा. आपल्याकडे ते फुकट मिळतं आणि पत्र्याची झळ चांगलीच अडवतं. वरून चुना मारला तरी फरक पडतो. नवा गोठा बांधणार असाल तर लांबी पूर्व-पश्चिम आणि कडेची उंची दहा फुटांच्या खाली नको. पाणी सावलीत, दिवसभर समोर: उन्हाळ्यात दुभत्या गाईला ८० ते १२० लिटर लागतं. हौद उन्हात असेल तर पाणी भरपूर असूनही गाय कमी पिते. चाऱ्याचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री आठनंतर द्या, कारण खाल्ल्यावर काही तासांनी आंबण्याची उष्णता चढते. ती दुपारच्या उन्हाशी जोडू नका. आणि रात्रीचा पंखा दुपारइतकाच महत्त्वाचा आहे. गाईचं अंग दिवसभर साठवलेली उष्णता रात्री सोडतं. रात्र कोंदट गेली तर सकाळी ती कालची उष्णता घेऊनच उभी राहते.

धापेची एक किंमत असते. जोरात श्वास सोडताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडतो, तो आम्लाचा भाग, त्यामुळे रक्त अल्कधर्मी बाजूला झुकतं. हा झुकाव सावरायला मूत्रपिंड सोडा, म्हणजे बायकार्बोनेट, लघवीतून फेकून देतं. त्यातच गाय लाळ बाहेर गाळते. एरवी दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळली जाते आणि तिच्यातला सोडा कोठीपोटातलं आम्ल मारतो. लाळ जमिनीवर, सोडा लघवीत, आणि भाकरी-भरडा मात्र नेहमीइतकाच, तर कोठीपोट आंबट होतं, शेण पातळ होतं, दुधाची फॅट उतरते. एक तोल सावरताना दुसरा ढळतो, तो असा. म्हणून उन्हाळ्यात दुभत्या गाईला दिवसाला १०० ते १५० ग्रॅम खाण्याचा सोडा दोन वेळच्या खुराकात मिसळून द्यावा. सोबत मीठ आणि खनिज मिश्रण. गाईच्या घामात पोटॅशियम जास्त जातं, तेही भरून यावं लागतं. हा सोडा गाभण गाईला शेवटच्या तीन आठवड्यांत द्यायचा नाही. का, ते पुढे येतं.

म्हशीचा मामला वेगळा. पंढरपुरी म्हैस आपल्या हवेला सरावलेली असली तरी कातडी काळी, केस विरळ आणि घामग्रंथी गाईच्या मानानं फार कमी. तिचा उपाय तिनंच शोधलाय, डुंबणं. भीमेचं पात्र आटलं की तिच्या अंगावर दिवसातून तीन-चार वेळा पाणी घालणं भागच आहे. उस्मानाबादी शेळी याच उन्हात निवांत दिसते, कारण ती पाण्याचा थेंबन्‌थेंब वाचवते: मूत्रपिंड लघवी दाट करतं आणि मोठं आतडं शेणातलं पाणी ओढून कोरड्या लेंड्या टाकतं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचा सरडा तर अंगात उष्णता तयारच करत नाही म्हटलं तरी चालेल. सकाळी दगडावर ऊन घेतो, दुपारी फटीत शिरतो. त्याचा बॉलकॉक म्हणजे त्याचे पाय.

आता मज्जासंस्था. गाईच्या कुशीवर माशी बसली की नेमका तेवढाच कातडीचा तुकडा थरथरतो. गाय मान वळवत नाही, शेपूट अजून हललेलं नसतं. माशीचा स्पर्श कातडीतल्या मज्जातंतूच्या टोकानं टिपला, तो निरोप मज्जारज्जूत गेला, तिथून मेंदूला न विचारता कातडीखालच्या पातळ स्नायूला हुकूम निघाला. याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. डॉक्टर बसलेल्या गाईच्या पाठीवर सुईनं हलकं टोचत पुढून मागे जातात ते हेच बघायला: कुठपर्यंत कातडी थरथरते आणि कुठे थांबते, त्यावरून मज्जारज्जूला इजा कोणत्या मणक्यापाशी आहे ते कळतं.

तारेत वीज वाहते तसा निरोप मज्जापेशीत वाहत नाही. पेशीचा पंप सोडियमचे तीन कण बाहेर आणि पोटॅशियमचे दोन आत असा सतत फेरा करतो, त्यामुळे आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टनं ऋण राहते. स्पर्श झाला की पडद्यातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, तेवढ्या जागी विद्युतभार उलटतो आणि शेजारची दारं उघडतो. अशी लाट पुढे सरकते. हे गणितासह ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी १९५२ मध्ये माकूळ (स्क्विड) या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर दाखवलं. चरबीचं वेष्टण असलेल्या तंतूत ही लाट सेकंदाला शंभर मीटरच्याही पुढे धावते. वेष्टण नसलेल्या, मंद, ठसठसत्या दुखण्याची जाणीव वाहणाऱ्या तंतूत सेकंदाला एखादा मीटर.

तंतूचं टोक आणि स्नायू यांच्यात मात्र फट असते. लाट फट ओलांडू शकत नाही. टोकाशी पोचल्यावर तिथे कॅल्शियमची दारं उघडतात, बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं, आणि त्याच्या धक्क्यानं ॲसिटिलकोलिनच्या पुड्या फटीत फुटतात. ते रसायन स्नायूला सांगतं, आवळ. स्नायू आवळायलाही आत पुन्हा कॅल्शियमच लागतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. हाडात कॅल्शियम साठवलेलं असतं, पण गाय उभी राहते ती रक्तातल्या चिमूटभर मोकळ्या कॅल्शियमवर.

किती चिमूटभर? पूर्ण गाईच्या रक्तद्रवात दोन-तीन ग्रॅम. आणि व्यायल्यावरच्या चिकात लिटरमागे दोन ग्रॅमच्या वर असतं. दहा लिटर चीक काढला तर रक्तातल्या साठ्याच्या सात-आठ पट कॅल्शियम एका दिवसात बाहेर. गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथींना हे लगेच कळतं; त्यांचं संप्रेरक हाडातून कॅल्शियम सोडवतं, मूत्रपिंडाला ड जीवनसत्त्व कार्यरत करायला लावतं आणि त्यानं आतडं जास्त कॅल्शियम शोषतं. पण ही यंत्रणा पूर्ण वेग घ्यायला दिवस-दोन दिवस लागतात. तिसऱ्या-चौथ्या वेताच्या, जास्त दुधाच्या गाईत हाडं पटकन सोडत नाहीत, आणि तेवढ्या फटीत गाय बसते.

कॅल्शियम घसरताना आधी मज्जातंतू उलट चिडखोर होतात, कारण कमी कॅल्शियममध्ये सोडियमची दारं सहज उघडतात. म्हणून पहिल्या टप्प्यात मांड्या थरथरतात, गाय मागच्या पायांवर भार बदलत राहते, जरा आवाजानं दचकते. ही वेळ बहुतेकदा रात्रीची असते आणि हातची निसटते. पुढे फटीत रसायन सुटेनासं होतं, स्नायू ढिले पडतात: गाय बसते, मानेला इंग्रजी एस अक्षरासारखी वळी, कान आणि सड गार, नाकपुडी कोरडी, शेण-लघवी बंद, पोट फुगायला लागतं. तापमान १०० च्या खाली. नाव दुग्धज्वर, पण ज्वर नसतो. तिसऱ्या टप्प्यात ती आडवी पडते आणि मग तासांचा हिशेब उरतो.

उपचार डॉक्टरच करतील, पण काय बरोबर ते माहीत असावं. २५ टक्के कॅल्शियम बोरोग्लुकोनेट ४५० मिली, अंगाइतकं कोमट करून, शिरेतून, किमान दहा-पंधरा मिनिटं घेऊन, हृदयाचे ठोके ऐकत. त्या बाटलीत आठ-नऊ ग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे रक्तातल्या साठ्याच्या तिप्पट. घाई केली तर हृदयाचा स्नायू आवळलेलाच राहतो आणि गाय सुई असतानाच जाते. काम होतंय याच्या खुणा: ढेकर येते, अंग बारीक थरथरतं, नाकपुडीवर घामाचे थेंब येतात, गाय शेण टाकते. डॉक्टर येईपर्यंत दोन्ही बाजूंनी भुशाच्या गोण्या लावून गाय छातीवर बसती ठेवा, दर दोन तासांनी कूस बदला. एकाच मांडीवर तास न्‌ तास बसली तर तो स्नायू आणि त्यातला मज्जातंतू चेपून मरतो, आणि कॅल्शियम देऊनही ती उठत नाही. तोंडातून गूळपाणी, तेल, औषध काहीही ओतू नका. गिळण्याचे स्नायूही ढिले असतात. ओतलेलं फुप्फुसात जातं.

टाळायचं ते व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत टाळायचं. या काळात कॅल्शियमच्या बाटल्या पाजल्या तर रक्तात आयतं कॅल्शियम मिळतं, पॅराथायरॉईड सुस्त राहते आणि ऐन वेळी उठत नाही. लसूणघासही या काळात नको, त्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही भरपूर. पोटॅशियम आणि सोडा रक्त अल्कधर्मी करतात, आणि अशा रक्तात हाड व मूत्रपिंड पॅराथायरॉईडच्या हुकमाला नीट दाद देत नाहीत. उन्हानं धापा टाकणाऱ्या गाईचं रक्त आधीच त्या बाजूला झुकलेलं असतं, त्यात मोकळं कॅल्शियम आणखी थोडं कमी होतं. म्हणून सगळ्या गोठ्याला एकच खुराक कालवताना आटवलेल्या गाभण गाईच्या घमेल्यात सोडा पडू देऊ नका, आणि मेमध्ये व्यायला आलेल्या गाईला सगळ्यात गार जागा द्या. याउलट रक्त आम्लाच्या बाजूला झुकवणारं ॲनायनिक मिश्रण बाजारात मिळतं. ते याच तीन आठवड्यांत, डॉक्टरांच्या मापानं. चुकूनही व्यायल्यावर चालू ठेवू नका.

उसाच्या वाढ्याबद्दल, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांबद्दल, वेगळं सांगायला हवं. टंचाईत आपल्याकडे जनावरं वाढ्यावरच जगतात. वाढ्यातलं ऑक्झॅलेट पोटात कॅल्शियमला धरून शेणावाटे नेतं, आणि वर्षानुवर्षं तेच खाणाऱ्या गाईची हाडं भरलेली राहत नाहीत. वाढं एकट्यानं देऊ नका, कडबा किंवा मक्याच्या मुरघासात मिसळा, कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडा म्हणजे ऑक्झॅलेट पोटात जाण्याआधीच चुन्याला धरतं, आणि दुभत्या काळात खनिज मिश्रण नागा न करता द्या. व्यायल्यावर पहिल्या दिवशी कास पिळून कोरडी करू नका. वासराला त्याच्या वजनाच्या दहावा भाग चीक, म्हणजे ३० किलोच्या वासराला तीन लिटर, पहिल्या दोन तासांत मिळाला की त्या वेळेपुरतं पुरे.

मज्जासंस्थेचा जो भाग मनाला न विचारता आतडी, हृदय, ग्रंथी चालवतो, त्याचे दोन गट आहेत. एक पळायला-लढायला तयार करतो, दुसरा खायला-पचवायला. दुसऱ्यातली मोठी नस मेंदूतून निघून पार कोठीपोटापर्यंत जाते; कोठीपोटाच्या मिनिटाला एक-दोन लाटा तिच्या जोरावर चालतात. डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ दाबून दोन मिनिटं धरलीत तर दोन ते चार वेळा मूठ उचलली जायला हवी. पहिला गट कसा आड येतो ते धारेच्या वेळी दिसतं. सड पुसले की स्पर्शाचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूत जातो, तिथून ऑक्सिटोसिन रक्तात सुटतं आणि साधारण मिनिटाभरात पान्हा येतो. त्याचा जोर पाच-सात मिनिटं टिकतो. तेवढ्या वेळात धार पूर्ण व्हायला हवी. गाईला मारलं, कुत्रं अंगावर आलं, अनोळखी माणूस ओरडला, तर ॲड्रेनॅलिन सुटतं, कासेच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि गाय दूध चढवते. ती मुद्दाम चोरत नसते. इंजेक्शन देऊन पान्हा काढण्यापेक्षा रोजचा माणूस, रोजची वेळ आणि सड पुसून एक मिनिट थांबणं, याला तोड नाही.

द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. फटीतलं ॲसिटिलकोलिन काम झाल्यावर लगेच मोडायला एक विकर (एन्झाइम) असतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं त्या विकरालाच बांधून टाकतात, आणि हुकूम थांबेनासा होतो. फवारलेल्या बागेतलं गवत खाल्लं, किंवा गोचिडासाठी शेतातलंच औषध अंदाजानं अंगावर चोळलं, की काही तासांत लाळेच्या तारा, डोळ्यांतून पाणी, पातळ शेण, बाहुल्या टाचणीएवढ्या, स्नायूंची थरथर, घरघरता श्वास. अंगावर चोळलं असेल तर हातमोजे घालून साबणाच्या पाण्यानं लगेच धुवा. लाळ आणि श्वासावर ॲट्रोपिन चालतं, थरथरीवर चालत नाही; तिच्यासाठीचं औषध कीटकनाशकाचा गट बघून ठरतं. म्हणून डॉक्टरांना फोन करताना औषधाची रिकामी बाटली हातात घेऊन तिच्यावरचं नाव वाचून दाखवा.

तुमच्या सहा गाईंपुरतं: आजपासून आठ दिवस पहाटे आणि संध्याकाळी प्रत्येकीचं तापमान आणि मिनिटाचे श्वास वहीत लिहा, पाण्याचा हौद सावलीत सरकवा, आणि तापाची इंजेक्शनं बंद ठेवा. व्यायलेल्या गाईचे कान पुढचे दोन दिवस रात्री झोपण्याआधी आणि पहाटे हातानं बघा. काही गाई पुन्हा बसतात, आणि गार पडलेला कान ती बसण्याच्या आधी सांगतो.